पुस्तकाचं बोलावणं

माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लागून आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलंय. मालक दिवसभर गाणी लावतो, तीही अर्धी अर्धी; एक म्हणून पुरं ऐकू देईल तर शपथ. दोनदा मी त्याच्याशी कडाडून भांडले. तिसऱ्यांदा गेले तर तोच मला म्हणाला, की मावशी, अजूनही अधूनमधून कोणीतरी दारात येऊन इथले पुस्तकवाले आबा कुठे आहेत म्हणून विचारतं, मी काय सांगू त्यांना? माझं भांडण तिथंच गळालं. दुकान बंद करून आबा रावेरकडे त्यांच्या गावी गेले, भावांच्या मळ्यात असतात, फोन उचलत नाहीत, एवढं सांगून मी माघारी आले. पण एवढ्यानं काही सांगून होत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून लिहायला बसले आहे. मी लेखिकाबिखिका नाही. माझं मॅचिंग सेंटर आहे.

मॅचिंग सेंटर म्हणजे काय हे बायकांना सांगायला नको, पुरुषांसाठी सांगते. बाई साडी घेऊन येते आणि आम्ही तिला त्या रंगाचं ब्लाउजपीस, अस्तर, फॉल काढून देतो. हिरव्याच्याच इतक्या छटा असतात की नवऱ्याला सोबत आणलेली बाई हमखास त्याच्याशी वाद घालून जाते. तर अशा या दुकानात एके दिवशी शेजारचे आबा आले, काउंटरवर एक पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "ताई, याला मॅचिंग द्या."

मला वाटलं, जळगावचं ऊन डोक्यात गेलं. पण आबा थट्टा करणाऱ्यातले नव्हते. पुस्तकाचं कव्हर विटकरी होतं, वर पिवळी अक्षरं. मी विटकरी पीस काढलं. त्यांनी ते उजेडात नेऊन पुस्तकाशेजारी धरलं, मान हलवली आणि एक छटा गडद मागितली. त्यांचं बरोबर होतं, असं मी तेव्हा काही म्हटलं नाही.

आबा म्हणजे प्रल्हाद अत्तरदे. घरची केळीची शेती, ती भावांकडे. स्वतः जन्मभर वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी केली, जिथं दारूगोळा बनतो. रिटायर झाल्यावर लोक देवाला लागतात, नाहीतर प्लॉट घेतात. यांनी आमच्या मार्केटात पुस्तकांचं दुकान काढलं. आमचं मार्केट म्हणजे जिन्याखाली चहावाला, वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर, मधे मी आणि टोकाला एक पंपाच्या स्पेअर पार्टवाला. सगळ्यांना वाटलं, शाळेची पुस्तकं आणि गाईडं ठेवतील, बरं चालेल. आबांनी गाईड ठेवलं नाही. रोज कोणीतरी दारात उभं राहून नववीचं गाईड मागायचं आणि आबा न चिडता समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवायचे. मी कितीदा डोकं आपटलं, की आबा, चार गाईडं ठेवा, दुकान त्यावर चालेल आणि तुमची पुस्तकं त्याच्या जिवावर बसतील. ते म्हणायचे, "गाईड ठेवलं की मंग लोके दुसरं काही मागत नाहीत."

पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, मनगटाची गुंडी मे महिन्यातही लावलेली. डोक्याला शेतकरी बांधतात तसा मोठा बागायती रुमाल. दुकान उघडायची वेळ फॅक्टरीच्या भोंग्यावर ठरलेली असावी, कारण आबांनी कुलूप काढलं की चहावाला पहिलं आधण ठेवायचा, घड्याळ बघायचा नाही. आत पाऊल टाकायच्या आधी ते स्वतःचे खिसे चाचपायचे. मला वाटायचं किल्ली विसरतात. मग कळलं, फॅक्टरीच्या गेटावर काडीपेटी आहे का म्हणून अंग तपासत, ती सवय हाताला लागलेली. पुस्तकांच्या दुकानातही ती सुटली नाही. बिडी ओढणारा लेखक आला तर त्याची काडीपेटी आबा आधी ताब्यात घेत आणि जाताना आठवणीनं परत देत. एक-दोन लेखकांना राग आला. बहुतेकांना गंमत वाटायची.

आता त्या मॅचिंगचं. आबांच्या दुकानात दर महिन्याला एका तरी नव्या पुस्तकाचं प्रकाशन व्हायचं. मोठी प्रकाशनं त्यांनी पाहिली होती आणि त्यांना ती पटत नव्हती. पुस्तक चकचकीत कागदात गुंडाळतात, पाहुण्याला चिकटपट्टी निघत नाही, तो कागद टराटरा फाडतो आणि लोक त्या फाडण्याला टाळ्या वाजवतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आबांकडे नवं पुस्तक ब्लाउजपिसात गुंडाळलेलं असायचं. घडी उलगडायची, पुस्तक वर धरायचं, झालं प्रकाशन. पीस मग लेखकाच्या आईला नाहीतर बायकोला. पाहुणा म्हणून कोणी नाही. जो सगळ्यात आधी येऊन बसेल, त्याच्याच हातून. मी भिंतीपलीकडे, त्यामुळे पुष्कळदा पहिली मीच. या जिल्ह्यात माझ्याइतकी पुस्तकं कोणा मंत्र्यानंही प्रकाशित केली नसतील.

पण आबांचं खरं काम कार्यक्रमाच्या आधी असायचं. ते बोलावणं करायचे. फोनवर मेसेज नाही, पेपरात बातमी नाही. लग्नाचं करतात तसं. लहानसं कार्ड छापायचं, त्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं, जुन्या स्कूटरवर घरोघर जायचं, उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या आणि हात जोडून म्हणायचं, सहकुटुंब या. "पुस्तक निघालं म्हणजे कार्य निघालं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी हसायचे. अक्षतांचे तांदूळ बांधायला चिंधी मात्र माझ्याच दुकानातून जायची.

पहिल्या वेळी तर काय झालं, शेतीखात्यातल्या एका रिटायर साहेबांनी मातीवर पुस्तक लिहिलं होतं. आबा मेहरूणपासून सगळीकडे अक्षता ठेवून आले. कार्ड कोण वाचतो? अक्षता दिसल्या की माणूस तारीख-वार विचारतो. संध्याकाळी मेहरूणचं एक कुटुंब जरीच्या साड्या नेसून, टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन, बाळाला काजळ घालून हजर. पहिल्या रांगेत बसले. त्यातली बाई माझ्याकडे झुकून हळूच विचारते, मुलगी कुठली? मी म्हटलं, मुलगी नाही, माती आहे. बाई गोरीमोरी झाली. पण तिचा नवरा पक्का. अक्षता घेतल्या म्हणजे कार्य पार पाडूनच उठायचं, असं म्हणून तो शेवटपर्यंत बसला. मातीचे थर, चुनखडी, सगळं ऐकलं आणि शेवटी उठून लेखकाच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल चढवला. साहेबांना नोकरीत शाली पुष्कळ मिळाल्या असतील. त्या टोपीनं त्यांचे डोळे भरून आले. आबांनी त्या दिवसापासून नियम केला, आहेर आणायचा नाही, मनातला एक प्रश्न आणायचा. प्रश्न हाच आहेर. माझ्यासारखीला तर ते फारच सोयीचं झालं, कारण मला विचारायला कोणी सांगावंच लागत नाही.

दर महिन्याच्या लेखकासाठी आबा काचेत एक फोटो लावायचे. लेखकाचा नव्हे, तो जिथं बसून लिहितो त्या जागेचा. त्यासाठी स्वतः त्याच्या घरी जायचे. कोणी ओट्याशेजारी पाटावर लिहिणारी, कोणी गुरांच्या गोठ्यात खाट टाकून. एक कवी होते, आमच्याच शहरातले, भारदस्त. पहाटे नदीकाठी बसल्याशिवाय आपल्याला शब्द सुचत नाही, असं सगळीकडे सांगायचे. आबा घरी गेले तर त्यांच्या बायकोनं सरळ पलंग दाखवला. इथंच लोळत लिहितात, म्हणाली, बनियनवर. आबांनी पलंगाचा फोटो काचेत लावला, गादीच्या खळग्यासकट. कवी मार्केटात येऊन इतके बोलले की दातांचे पेशंट जिन्यात येऊन उभे राहिले. आबा शांतपणे म्हणाले, की कविता चांगल्या आहेत, पलंगावरच्या असल्या तरी. आणि फोटो महिनाभर ठेवला.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, काय गजबज असेल. तसं नव्हतं. पहिल्या वर्षाचं नवल ओसरलं आणि लोक येईनात. अक्षता घ्यायचे, येतो म्हणायचे, यायचे नाहीत. लग्नाला गेलं नाही तर भावकीत बोल लागतो; पुस्तकाला गेलं नाही तर कोण काय बोलणार? एकदा क्रिकेटची फायनल आली त्याच संध्याकाळी. भुसावळचा एक लेखक आला होता, रेल्वेतला. समोर मी, किटली घेऊन उभा चहावाला, आणि वर नंबर यायला वेळ होता म्हणून येऊन बसलेला, गाल सुजलेला एक पेशंट. आबांनी वेळ झाली तशी घडी उलगडली. एक मिनिट थांबले नाहीत. लेखकानं विनोदी गोष्ट वाचली. मी हसत होते, पेशंटला हसायला येत होतं पण गाल दुखत होता, आणि रस्त्याच्या पलीकडून प्रत्येक विकेटला ओरडा येत होता.

सगळे गेल्यावर मी तावातावानं आबांना म्हटलं, की कशासाठी हा आटापिटा? घरोघर हात जोडत फिरता, कोण येतं? तुमची लेखकांशी सोयरीक आहे का? आबा खुर्च्या पुसत होते. म्हणाले, "ताई, लग्नानंतर थोड्याच दिवसांत मंडळी गेली. लेकरू नाही. बारसं नाही, लगन नाही. फॅक्टरीतल्या लोकांच्या घरी मी जन्मभर अक्षता टाकल्या. माझ्या दारातून कोणाला बोलावणं गेलं नाही. मले वाटलं, पुस्तकाचं तरी करू."

मी फडकं घेतलं आणि उरलेल्या खुर्च्या पुसल्या. त्यानंतर मी त्यांच्या एकाही कार्यक्रमाला चुकले नाही, सणाच्या गर्दीतही पाच मिनिटं शटर अर्धं ओढून जाऊन बसायचे.

शैलाचं पुस्तक आलं ते या पडत्या दिवसांत. पिंपळनेरकडची पोरगी, सरकारी दवाखान्यात नर्स. धुळ्याच्या कोणा लहान प्रकाशकानं तिच्या गोष्टींचं पुस्तक छापून तसंच ठेवून दिलं होतं. आबांच्या हाती ते कसं पडलं ठाऊक नाही, पण दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत, गाईड मागणाऱ्यालाही हातानंच वाट दाखवली. तिसऱ्या दिवशी दुकान बंद करून एसटीनं धुळे, तिथून साक्री, तिथून पिंपळनेर. आले ते फोटो घेऊन. लसी ठेवायच्या फ्रिजच्या बाजूला एक लोखंडी टेबल. ड्यूटी संपली की तिथं बसून ती लिहायची, कारण दवाखान्यात पंखा तिथंच होता.

प्रकाशनाला ती आईला घेऊन आली होती. स्टूलवर ताठ बसली, सुई घेताना पेशंट बसतो तशी. गोष्ट वाचायला सांगितली तर आवाज फुटेना. आबांनी तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पहिलं पान स्वतः वाचलं, मग तिला दिलं. नंतर मात्र अशी वाचली की पंपवाल्यानं ग्राइंडर बंद केला. मी माझा आहेर केला: गोष्टीतल्या बाईची साडी मोरपंखी आहे, मग ब्लाउज कुठला होता? सगळे हसले. शैला हसली नाही. विचार करून म्हणाली, ब्लाउज तिच्या थोरल्या बहिणीचा होता, म्हणून जुळत नव्हता. मला ती पोरगी त्याच क्षणी आवडली.

निघताना ती आबांच्या पाया पडली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आबा, पुढलं पुस्तक तुमनाच दुकानमा. मी सांगस ना."

पुढे तिचं नशीब उघडलं. पुस्तकाला बक्षीस मिळालं, दुसरी आवृत्ती निघाली, पुण्याच्या मोठ्या प्रकाशकानं पुढचं पुस्तक मागून घेतलं. आधी ती दर रविवारी आबांना फोन करायची. मग महिन्यातून, मग सणाला. आबा कधी बोलले नाहीत. तिला ड्यूट्या असतात, एवढंच सांगायचे, मी न विचारता.

आणि मग फोन आला. पुस्तक तयार आहे, आबा, ठरलं तसंच करू, तुमच्याच दुकानात. वारही तिनंच दिला, शनिवार. आबा माझ्या दुकानात आले आणि काउंटरवर नुसता हात ठेवून उभे राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, कार्य निघालं.

त्या माणसाला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. दुकानाला रंग दिला. नवा शर्ट शिवायला टाकला. मोबाइलवर पुस्तकाचं कव्हर दाखवलं, त्यात राखाडी आणि जांभळा असा मिसळलेला रंग होता, की माझी सगळी कपाटं पालथी घातली तरी जुळेना. शेवटी ठोकवाल्याकडून गठ्ठा उघडवून आणला. जुळलं तेव्हा आम्ही दोघंही काही वेळ त्या पिसाकडे बघत बसलो होतो. बोलावणं या वेळी सगळ्यांना. जे यायचे बंद झाले होते त्यांना, वरच्या डॉक्टरांना, वरणगावच्या जुन्या सोबत्यांना. आणि गावी जाऊन भावांना. भाऊ इतक्या वर्षांत दुकानाची पायरी चढले नव्हते. प्रल्हादचं ते पुस्तकाचं खूळ, असं म्हणायचे. या वेळी ते गाडी करून येतो म्हणाले, कारण शैलाचा फोटो पेपरात आला होता. आबांना आयुष्यात एकदा स्वतःच्या दारात भरलेलं कार्य हवं होतं, आणि आपली माणसं ते बघायला हवी होती. दुसरं काही नको होतं त्यांना, हे मला दिसत होतं. देवा, एवढं होऊ दे, असं मी मनात म्हटलं. मी सहसा देवाकडे धंद्याचंच मागते.

गुरुवारी शैलाचा फोन आला. आबांनी तो माझ्यासमोर घेतला. प्रकाशकानं आणि इथल्या कोणत्या तरी मंडळानं परस्पर ठरवलं होतं. रिंग रोडकडचा मोठा हॉल, एसी, व्यासपीठ, पाहुणे. वार तोच, वेळही तीच. तिलाही आदल्या रात्रीच कळलं होतं. ती फोनवर रडत होती, मला बाजूला ऐकू येत होतं. "मना हातमा काहीच नही, आबा," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. आबा म्हणाले, "बरं झालं, बेटा. इथं खुर्च्या कमी पडल्या असत्या."

फोन ठेवल्यावर मी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. प्रकाशकाला, मंडळाला आणि शैलालाही सोडलं नाही. आबांनी ऐकून घेतलं. मग डोक्याला रुमाल बांधायला लागले. मी विचारलं, कुठे निघालात या उन्हात? ते म्हणाले, अक्षता दिल्या ना. जिथं अक्षता ठेवल्या त्या उंबऱ्यावर जाऊन जागा बदलल्याचं तोंडानं सांगावं लागतं. फोनवर सांगून चालत नाही, घरचे रुसतात. मी म्हटलं, आबा, हे कार्य आता तुमचं राहिलं नाही, ज्यांचा हॉल आहे ते सांगतील. ते म्हणाले, बोलावणं माझं होतं.

गुरुवार आणि शुक्रवार ते फिरले. बाहेर अंगाची लाही होत होती, रस्त्याला कुत्रं नव्हतं. घराघरांत जाऊन हात जोडून सांगितलं, की कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये आहे, अमुक रस्त्यानं जा, गाडी लावायला जागा आहे, नक्की जा. वरणगावला गेले. भावांना सांगायला परत गावी गेले. शुक्रवारी आले तेव्हा चेहरा काळवंडला होता आणि ओठ फुटले होते. चहावाल्यानं न सांगता लिंबू-पाणी आणून ठेवलं.

शनिवारी दुपारी बघते तर आबा दुकानापुढे खुर्च्या मांडताहेत. नवा शर्ट अंगात, मनगटाच्या गुंड्या लावलेल्या. मी विचारलं, हे काय? कोणी चुकून इकडे आलं तर, ते म्हणाले, त्याला वाट सांगायला कोणी नको? आणि म्हातारं माणूस असलं तर घटकाभर बसवायला नको? मी म्हटलं, मग मीही इथंच बसते. त्यावर त्यांनी मॅचिंग पीस माझ्या हातात दिलं. "तुम्ही जा, ताई. आपल्याकडचं कोणीतरी पाहिजे तिच्यापाशी."

मी शटर ओढलं आणि रिक्षा केली.

हॉल भरला होता. आबांनी ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे होते. मेहरूणचं ते कुटुंब, दातांचे डॉक्टर, वरणगावची मंडळी, दुसऱ्या रांगेत आबांचे भाऊ आणि वहिन्या. आमच्या दुकानापुढे वर्षानुवर्षं मिळून न आलेली माणसं एका संध्याकाळी तिथं बसली होती, आणि ती कोणी जमवली हे व्यासपीठावरच्या कोणालाच माहीत नव्हतं. चकचकीत कागद फाडला, टाळ्या झाल्या. पाहुणे पुष्कळ बोलले. शैला बोलायला उठली तेव्हा मी खुर्चीच्या टोकाला सरकले. ती चांगली बोलली, न अडखळता. दवाखान्याबद्दल, आईबद्दल, प्रकाशकाबद्दल. आयोजकांचे आभार तिच्या हातात चिठ्ठीवर लिहून दिले होते, ते वाचले. मी वाट बघत राहिले. ती खाली बसली. नंतर गर्दीतून वाट काढून मी पीस तिच्या हातात दिलं. मला बघून तिचा चेहरा उजळला. आबा नाही आले, असं तिनं विचारलं, आणि मी तोंड उघडेपर्यंत तिला कोणीतरी फोटोसाठी ओढून नेलं. पीस टेबलावरच्या शालींच्या ढिगात राहिलं.

परत आले तेव्हा मार्केटातले दिवे लागून बराच वेळ झाला होता. आबा खुर्चीवर बसले होते, बाकीच्या खुर्च्या जशाच्या तशा. मी विचारलं, कोणी आलं होतं का इकडे? ते म्हणाले, कोणीच नाही. सगळ्यांना निरोप नीट पोचला होता. हे सांगताना त्यांना थोडं बरं वाटत होतं, हे मला जास्त लागलं.

मग त्यांनी एकेक घर विचारलं. मेहरूणचे आले होते? डॉक्टर? वरणगावहून किती? भाऊ कुठं बसले होते? मी सगळं सांगितलं, दुसऱ्या रांगेत होते म्हटलं. हो, ते म्हणाले, फोन आला होता त्यांचा, अंधारात गाडी चालवायची म्हणून परस्पर निघाले. हॉल फार छान होता म्हणाले. आबा उठले, खुर्च्या घडी करून भिंतीला लावू लागले. मीही लावू लागले. पाठमोरे असताना त्यांनी विचारलं, "शैला काही बोलली का? माझं नाव वगैरे?"

"बोलली ना," मी म्हटलं. "भाषणात घेतलं तुमचं नाव. सगळ्यांत आधी."

आबा थांबले नाहीत. हातातली खुर्ची भिंतीला लावली, पुढची घेतली. आवाजात राग नव्हता, माझ्यावरही नव्हता.

"नसेल घेतलं, ताई," ते म्हणाले. "घेतलं असतं तर तुम्ही रिक्षातून उतरता उतरताच सांगितलं असतं."